बापाचं रक्त अन् पोराची घाई

"मावशी, सगळे म्हणून राहिले की पोट्टा बापावरच गेला. हे खरंच रक्तात असतं का? अन् असेल तर मग मी काहून एवढी धडपड करू?"

साडेतीन पानी पत्राचा हा शेवट. नाव छापू नका म्हणाली आहे, नाही छापत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही 27 वर्षांची, नागपूरची, मिहानमध्ये नोकरी करते, घर मानेवाड्याकडे. भाऊ 20 चा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाबा दारूने गेले, लिव्हर खराब होऊन, तेव्हा ही 15 ची होती अन् भाऊ 8 चा. त्याला तेव्हा सांगितलं की बाबांना कावीळ झाली होती, आणि घरात आजपर्यंत तेच चालू आहे. पोरगा लहानपणापासून तडकफडक, नववीत शंभर रुपयांच्या पैजेवर शाळेच्या पहिल्या मजल्यावरून उडी मारली, क्लासची फी भरून दीड महिन्यात क्लास सोडला, मोबाइलवर रमी खेळून आईच्या खात्यातले आठ हजार घालवले अन् मग स्वतःच रडत आईला सांगितलं. दारू मागच्या दीड वर्षातली. कोजागिरीच्या रात्री फुटाळा तलावावरून मित्राची बाइक घेऊन निघाला, प्यालेला होता, भरतनगरच्या वळणावर पडला, हनुवटीला अकरा टाके. टाके घालत होते तेव्हाही डॉक्टरला सांगत होता की मला चढत नाही, दोस्त तीनमध्ये आउट होतात, मी सहा घेऊन पण सरळ चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हनुवटीला पट्टी लावलेली, तशात त्यानेच उठून आईसाठी चहा केला, कप ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेवढ्यात आत्या बघायला आली आणि चौकटीतच म्हणाली, बापावरच गेला हा. त्याने चपला घातल्या, निघून गेला, रात्री परत पिऊन आला.

बेटा, तुझ्या आत्याचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानेच सगळा घोळ केला आहे. ते अर्धं काय ते सांगते, पण त्याआधी एक काम आजच कर. गाडीची किल्ली. घरातली गाडी रात्री आठनंतर त्याच्या हातात नको, आणि ज्या दोन-तीन मित्रांबरोबर तो जातो त्यांच्यापैकी जो त्यातल्या त्यात शहाणा असेल त्याला तूच फोन करून सांग की तो प्यालेला असेल तर मला फोन कर, कितीही वाजले तरी, मी ओला टॅक्सी करून देईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, पण मला दंडाचं काही वाटत नाही, मला त्या वळणाचं वाटतं. या वयाच्या पोरांचा पहिला धोका लिव्हरचा नसतो, तो रस्त्यावरचा असतो. बाकी सगळं सुधारायला वर्षं आहेत, याला नाही.

आता रक्ताचं.

हे कोणी असंच बोलत नाही, यावर पन्नास वर्षं अभ्यास झालाय. डेन्मार्कमध्ये 1973 साली डोनाल्ड गुडविन नावाच्या डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी मुलं शोधली ज्यांच्या जन्मदात्याला दारूचं व्यसन होतं पण जी जन्मल्यावर काही आठवड्यांतच दुसऱ्या घरी दत्तक गेली होती, म्हणजे बापाला पिताना त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. मोठेपणी त्यांच्यात व्यसनाचं प्रमाण बाकीच्या दत्तक मुलांच्या जवळपास चौपट निघालं. पुढे जुळ्यांवर खूप अभ्यास झाले आणि सगळ्यांची गोळाबेरीज साधारण इथे येऊन थांबते की दारूच्या व्यसनात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा फरक आनुवंशिक असतो. निम्मा. आणि इथेच सगळ्यांची गल्लत होते म्हणून नीट वाच. याचा अर्थ तुझ्या भावाला व्यसन लागायची शक्यता पन्नास टक्के आहे असा नाही. अर्धा जीव बापाचा अन् अर्धा स्वतःचा असाही नाही. हा हिशोब हजारो लोकांचा मिळून असतो, एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही. आई किंवा बापाला व्यसन असलेल्या घरातल्या मुलांना धोका जास्त असतो हे पक्कं, पण त्यातल्या पुष्कळ मुलांना आयुष्यात कधीच व्यसन लागत नाही हेही तेवढंच पक्कं. तू स्वतः त्यातलीच आहेस ना.

माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याचं घर. संत्र्याचं झाड बीपासून लावत नाहीत, जंबेरी नावाच्या लिंबाच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे कलम करतात. आता जंबेरीला डिंक्याची भीती जास्त, बुंध्याला पाणी लागलं की साल फुटते, डिंक गळायला लागतो, आणि पाच-सात वर्षांचं झाड बघता बघता वाळतं. पण एकाच नर्सरीतून आणलेली कलमं आमच्या वावरात चांगली उभी राहिली आणि शेजारच्या वावरात निम्मी गेली, कारण आमच्याकडे आजोबा दुहेरी आळं करायचे, बुंध्याभोवती आतली एक माती चढवलेली गोल कड आणि पाणी तिच्या बाहेरच्या आळ्यात, म्हणजे खोडाला पाणी शिवतच नाही. वर पावसाळ्याआधी बोर्डो मलम. खुंट तोच होता. खुंट काही बदलता येत नाही, एकदा डोळा भरला की भरला, पण खुंट कच्चा आहे हे माहीत असलेला माणूस पाणी कुठे साचतंय तिकडे लक्ष ठेवतो, आणि ज्याला माहीत नाही तो सगळ्या झाडांना सारखंच पाणी सोडतो. मला तुझ्या भावाबद्दल एवढंच म्हणायचंय, बाकी सगळं पत्र याच्याच भोवती आहे.

अन् हे मी आपल्या मनाने नाही म्हणत. फिनलंडमध्ये 16 ते 18 वयाच्या जुळ्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की शहरात राहणाऱ्या मुलांमध्ये पिण्यावर आनुवंशिकतेचा जोर जास्त चालतो, खेड्यात कमी. तेच रक्त, पण जिथे बाटली सहज मिळते आणि कोणी ओळखीचं बघत नसतं तिथे ते उसळी मारतं.

तर मग रक्तात येतं ते नेमकं काय? दारूचा एक असा जीन, म्हणजे जनुक, नसतो बेटा, की तो आला म्हणजे माणूस दारुड्या. येते ती घाई. तू पत्रात ज्या गोष्टी लिहिल्यास ना, उडी, क्लास, रमी, त्या सगळ्या दारूच्या आधीच्या आहेत, तू त्या नुसत्या 'स्वभाव' म्हणून लिहून पुढे गेलीस, पण माझ्या मते तुझ्या साडेतीन पानांतला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. 2021 मध्ये एक फार मोठा अभ्यास छापून आला, 15 लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा, त्यात सिगरेट, दारूचा त्रास, गांजा, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अति चंचलपणाचा त्रास), धोका पत्करायची सवय, अशा सगळ्या गोष्टी एकत्र धरून बघितल्या, आणि जनुकांच्या साखळीत 579 जागा अशा सापडल्या ज्यांचा संबंध या सगळ्यांशी मिळून आहे. म्हणजे ज्या मुळातून उतावळेपणा येतो त्याच मुळातून पुष्कळसा दारूचा धोकाही येतो. वेगवेगळी फळं, खुंट एक.

अशाच एका जीनचं उदाहरण देते, त्याचं नाव जीएबीआरए-2. मेंदूत एक गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम शांत करायचं, जास्तीची धावपळ थांबवायची, आणि दारू याच गाबाच्या यंत्रणेवर काम करते, म्हणून पहिल्या पेगला बरं वाटतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात 173 कुटुंबांतल्या 449 लोकांची तपासणी केली, त्यातल्या बऱ्याच कुटुंबांत कोणाला ना कोणाला दारूचं व्यसन होतं. ज्यांच्यात या जीनचा एक ठराविक प्रकार होता त्यांचा उतावळेपणा जास्त निघाला, विशेषतः मन खराब असताना, त्रास होत असताना तडकाफडकी काहीतरी करून बसण्याचा. मग काही तरुणांना स्कॅन मशीनमध्ये झोपवून पैसे जिंकायचा-हरायचा खेळ दिला, तर बक्षिसाची वाट बघताना यांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग जास्त पेटत होता. हा भाग हाव, तलफ, पोटातून येणारी ओढ याच्याशी जोडलेला आहे. आता तुझं पत्र परत वाच. आत्या चौकटीत बोलली, पोराला लागलं, चपला घातल्या, गेला. लागणं आणि चपला घालणं यांच्या मध्ये जी दोन मिनिटं तुला-मला मिळतात, ती त्याला मिळत नाहीत.

वयही तसंच आहे. मेंदूतला मजा, इनाम, थरार यांचा भाग तेरा-चौदाव्या वर्षीच जोरात येतो आणि थांब, विचार कर म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. खोंड अंगाने भरलंय पण वेसण अजून टोचायची आहे, तसं. आपल्या महाराष्ट्रात दारू प्यायचं कायद्याने वय 25 आहे, बिअरला 21, हे किती जणांच्या घरी माहीत आहे कोणास ठाऊक, पण तुझा भाऊ कायद्याने बिअर प्यायच्याही वयाचा नाही. हे त्याला दम द्यायला नाही सांगत, तुला सांगते, कारण तू लिहिलंस "आता मोठा झाला, त्याला काय बोलणार." नाही झाला अजून.

आणि ते 'मला चढत नाही'. बेटा, हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. आपल्याकडे याला मर्दानगी समजतात, लग्नाच्या वरातीत तर कौतुक होतं, "भाऊ एक खंबा रिचवतो पण पाय हलत नाही." मार्क शुकिट नावाच्या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञाने विशीतल्या पोरांना मोजून दारू देऊन बघितलं होतं, काहींच्या बापाला व्यसन होतं, काहींच्या नव्हतं. बापाला व्यसन असलेल्या पुष्कळ पोरांना तेवढ्याच दारूत कमी चढत होती, शरीर कमी डोलत होतं. मग साधारण दहा वर्षांनी त्यांना परत शोधलं. व्यसनी बापाच्या ज्या मुलांना कमी चढत होती त्यांच्यात 56 टक्क्यांना व्यसन लागलेलं होतं, आणि ज्यांना नीट चढत होती त्यांच्यात 14 टक्क्यांना. कारण साधं आहे, बाकीच्यांचं शरीर तिसऱ्या पेगला 'बस' म्हणतं, याचं म्हणत नाही, म्हणून तो सहावर जातो, आणि लिव्हर काही त्याला चढली की नाही ते बघून काम करत नाही, त्याला सहाच मोजावे लागतात. एक गोष्ट त्याला सांगायची असेल तर ही सांग. पोरांना 'व्यसन वाईट' हे शंभर वेळा ऐकून झालेलं असतं, पण ज्याचा अभिमान आहे तीच धोक्याची खूण आहे हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

तू विचारलंस की जीन टेस्ट करून घेऊ का, ऑनलाइन थुंकी पाठवून होते म्हणे. नको. पैसे वाया. एकेका जीनचा परिणाम इतका बारीक असतो की त्यावरून एका माणसाबद्दल काही सांगता येत नाही, आणि हे मोठे अभ्यास बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांवरचे आहेत, त्यांचे हिशोब आपल्याकडे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. तुझे बाबा कशाने गेले हे तुला माहीत आहे, भावाचा स्वभाव माहीत आहे, त्याला चढत नाही हे माहीत आहे. याहून जास्त ती टेस्ट काही सांगणार नाही.

आता आईचं. तू लिहिलंस की आईने कोणाकडून तरी 'पेशंटला न कळता दारू सोडवा' वाली पावडर आणली आहे आणि भाजीत टाकायचं म्हणते. आत्ताच्या आत्ता ती आईकडून घे. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते कोणालाच माहीत नसतं, आणि बऱ्याचदा लोक डायसल्फिरमच्या गोळ्या कुटून देतात. ही गोळी खरी आहे, डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याची तयारी असेल तर, तपासण्या करून. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं, आणि जास्त प्यालेला असेल तर जीवही जाऊ शकतो. ज्याला माहीतच नाही की आपल्या पोटात गोळी आहे तो सहा पेग घेईल. आईवर रागावू नको, एका नवऱ्याला असं जाताना पाहिलेली बाई आहे ती, तिला काहीतरी हातात पाहिजे. तिच्या हातात दुसरं काम दे. रात्री तो पिऊन आला की भांडायचं नाही, पाणी द्यायचं, कुशीवर झोपवायचं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही, आणि बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीवर असताना, पाच वाक्यांत. न पिता घरी आलेल्या संध्याकाळी त्याच्या आवडीचं काहीतरी व्हावं. लाड म्हणून नाही सांगत मी हे, घाई असलेल्या मेंदूला इनाम लगेच लागतं, सहा महिन्यांनंतरचं इनाम त्याला दिसतच नाही. पण त्याचे पिण्यापायी झालेले पैसे भरायचे नाहीत, कॉलेजात खोटं आजारपण कळवायचं नाही.

डॉक्टरकडे न्यायचंच, आणि ते व्यसनाचं नाव काढून नको, तो येणार नाही. घाईचं नाव काढून ने. लहानपणापासून अशी चंचलता, अर्धवट सोडणं, विचार न करता उडी, यात एडीएचडी असण्याची शक्यता आहे, आहेच असं मी पत्र वाचून म्हणणार नाही, पण बघून घ्यायला पाहिजे, कारण एडीएचडी असलेल्यांना दारूचा धोका जास्त असतो आणि त्यावर इलाज आहे. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, मिहानमध्ये तुझ्या ऑफिसच्या बाजूलाच एम्स आहे, तिथे दाखव. त्याला आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर 14416, सरकारी टेलिमानस, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. डॉक्टर दहा प्रश्नांची एक चाचणी घेतात, किती, कितीदा, काय झालं अशी, त्यावरून कळतं की हे अजून धोक्याचं पिणं आहे की व्यसनात गेलंय. तू लिहिलंस त्यावरून तो आठवड्यातून दोन-तीनदा पितो, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण एक लक्षात ठेव, सकाळी हात थरथरत असतील, घाम येत असेल, दारूशिवाय झोप नसेल, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावायचं नाही, त्यात फिट्स येऊ शकतात, तेव्हा डॉक्टरच्या देखरेखीखालीच. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधंही आहेत, ती द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आणि लाज वाटून घेऊ नका कोणीच. 2019 मध्ये एम्स दिल्लीच्या मोठ्या सर्वेक्षणात देशात साधारण 16 कोटी लोक पितात आणि 5.7 कोटींना दारूमुळे मदतीची गरज आहे असं निघालं. मानेवाड्याच्या एका गल्लीत हे फक्त तुमच्याच घरी नाहीये, बाकीच्यांनी पण कावीळच सांगितली असेल.

तुझं स्वतःचं. पत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस की स्थळ आलंय, मुलाकडच्यांना बाबांचं सांगू का, आणि माझ्यातही ते असेल का. असेल. बापाचं जे रक्त भावात आलं ते तुझ्यात पण आलं असणार, काय किती वाटून आलं ते कोणी सांगू शकत नाही. आणि पोरींना हे लागत नाही असं समजू नको, मिशिगनच्या त्या अभ्यासात तर जीएबीआरए-2 आणि उतावळेपणाचा संबंध बायकांमध्ये जास्त ठळक दिसला होता. ऑफिसच्या पार्टीत तू एखादी वाइन घेतेस म्हणालीस, तुझ्या जागी मी असते तर तीही सोडून दिली असती, तू तुझं ठरव. मुलाला सांग. घरच्यांना नंतर, आधी मुलाला, तू स्वतः, बसून. जो हे ऐकून मागे जाईल तो आत्ताच गेलेला बरा, सहा वर्षांनी भावाला घेऊन रात्री मेडिकलच्या कॅज्युअल्टीत बसायची वेळ आली तर तो काही बरोबर येणारा नव्हताच. आणि पंधराव्या वर्षापासून तू घरात मोठ्या माणसासारखी वागून राहिली, आईला सांभाळलं, भावाला सांभाळलं, पत्रात स्वतःबद्दल कोपऱ्यातल्या त्या दोन ओळी सोडल्या तर काहीच नाही, तुझ्यासारख्यांसाठी अल-अॅनॉनच्या मीटिंगा असतात, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. एकदा जाऊन बस. बोलायची सक्ती नसते.

आता कावीळ.

माझा एक चुलतभाऊ होता, मोठा, माझ्या लग्नात सगळी पंगत त्याने उठवली होती. 38 व्या वर्षी गेला. त्याच्या मुलाला सांगितलं हार्टचं होतं. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, मी पण. मुलगा सोळाचा असताना गावातल्या पानठेल्यावर उभा होता, तिथला म्हातारा त्याला म्हणाला, तुझ्या बापाची उधारी अजून वहीत आहे, दाखवू का. आणि वही काढून दाखवली. क्वार्टर, क्वार्टर, क्वार्टर, तारखेनिशी, शेवटची तारीख तो जायच्या चार दिवस आधीची. पोरगा घरी आला आणि त्याने आईला काही विचारलं नाही, आम्हालाही नाही. बाप दारूने गेला याचा त्याला राग नव्हता, त्याचा राग आम्हा सगळ्यांवर होता, हे त्याने मला दहा वर्षांनी सांगितलं. त्या दहा वर्षांत तो काय काय करून बसला ते सांगत नाही. मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. माझं वय, माझं शिक्षण, मी दिवसभर लोकांना हेच सांगत होते, आणि घरात गप्प बसले.

म्हणून तू सांग, अन् आत्याने किंवा पानठेल्याने सांगायच्या आधी सांग. आईला एक दिवस आधी कल्पना दे, परवानगी मागू नको, ती देणार नाही. घरात नको, घरात बाबांचा फोटो आहे, आई आत-बाहेर करेल. रविवारी सकाळी लवकर त्याला घेऊन निघ, तर्री पोहे खा, मग अंबाझरीच्या बाजूला कुठेतरी बस. समोरासमोर नको, शेजारी बस, या पोरांना डोळ्यात बघून बोललेलं झेपत नाही. अन् बाबांचं नुसतं वाईट नको सांगू. तू लिहिलंस ना, बाबा पगाराच्या दिवशी रेवडी आणायचे, तुला सायकल शिकवताना मागे धावत यायचे, मारबत बघायला खांद्यावर बसवून महालात न्यायचे, ते पण सांग, कारण त्याला यातलं बरंच आठवत नसणार. आणि हेही सांग की बाबांना पण लोक कौतुकाने म्हणायचे की याला चढतच नाही. हे वाक्य तुझ्या पत्रात दुसऱ्या पानावर आहे, तूच लिहिलंय, बहुतेक तुझ्या लक्षात आलं नाही.

सुरुवात कशी करायची विचारशील. "बाबांना कावीळ झाली होती पण ती दारूने झाली होती, आणि मी तुझ्यापासून बारा वर्षं लपवलं, चुकलं माझं." एवढंच म्हण आणि थांब. तो उठून जाईल कदाचित, जाऊ दे, किल्ली तुझ्याकडे असू दे. परत येईल. परत आला की विचारेल, मग मी पण तसाच होणार का? तेव्हा लगेच "नाही रे वेड्या" म्हणू नको, त्याला खोटं ओळखता येतं आता. म्हण की होऊ शकतं, तुला दुसऱ्यांपेक्षा जास्त सहज होऊ शकतं, मला पण होऊ शकतं, बाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं म्हणून मी तुला सांगून राहिले. मग त्याला त्याचा चहा पिऊ दे.